घड्याळाचे तास, पोटाचे तास

गंगापूर रोडवर, पहिल्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात मी सव्वीस वर्षं विमानाची तिकिटं विकली. स्वतः विमानात बसलो तो एकूण तीनदा, त्यातही एकदा फुकटात. पण बोलणं असं की आख्खं जग पायाखालून घातलंय. सिडनीला जायचंय? बसा. टोरांटो? चहा घेणार ना? लोकांना वाटायचं, हा गृहस्थ कालच तिकडून आलाय. त्यांचा हा गैरसमज मी कधी दूर केला नाही.

नव्वदीच्या दशकात आमच्या टेबलावर कॉम्प्युटर नव्हता. जाडजूड टाइमटेबल असायचं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. त्यात विमान शोधायचं, विमान कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावायचा, जागा आहे का विचारायचं, आणि मग लाल कार्बनच्या तिकिटावर दाबून दाबून हातानं लिहायचं. त्या पुस्तकातली खरी मेख अशी की सुटायची वेळ सुटणाऱ्या गावच्या घड्याळाची आणि पोहोचायची वेळ पोहोचणाऱ्या गावच्या घड्याळाची. दोन्हींची सरळ वजाबाकी केली की मेलात. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, शिकागो साडेअकरा तास मागे. हे जमवून घ्यायचं आणि मग गिऱ्हाइकाला सांगायचं, ही आमची विद्या.

गिऱ्हाइकंही एकेक नग. एक निवृत्त भूगोलाचे मास्तर पृथ्वीचा गोल बगलेत मारून आले होते. मुलानं पत्रात कळवलं होतं की विमान बर्फाच्या मुलखावरून गेलं. मास्तरांचं म्हणणं, नकाशात तर अमेरिका सरळ डावीकडे आहे, मग वर कशाला चढायचं, आणि त्या वळशाचे पैसे आम्ही का भरायचे? मी त्यांच्याच गोलावर दोरा ताणून दाखवला. मुंबई ते शिकागो हवेतलं अंतर साधारण तेरा हजार किलोमीटर, आणि ताणलेला दोरा आपोआप वर सरकतो. मास्तर दोऱ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, तीस वर्षं मी पोरांना गोल दाखवला, दोरा कधी लावला नाही.

भिंतीवर माझ्या दोन गोष्टी होत्या. एक जगाचा नकाशा आणि शेजारी आपलं तिथी-वारांचं कॅलेंडर. कारण नाशिकचा माणूस अमेरिकेला निघाला तरी अमावास्येला निघत नाही. तारीख पक्की करण्याआधी मी कॅलेंडरकडे नजर टाकायचो, अमावास्येचा काळा ठिपका दिसला नाही की पुढे जायचो. या हुशारीचं मला कौतुक होतं.

दुसरी हुशारी व्हीलचेअरची. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया चांगल्या धडधाकट, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन मैलभर चालणाऱ्या. पण लंडनला विमान बदलायचं तर इंग्रजी कुठून आणणार? म्हणून तिकिटावर व्हीलचेअर लिहायची. मग कुणीतरी खुर्चीत बसवून एका विमानातून उतरवतं आणि दुसऱ्यात नेऊन बसवतं. तिसरी गोष्ट जेवण. शाकाहारी हिंदू जेवण मागवलं की माझं कर्तव्य संपलं.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलोय, त्याकडे येतो. इतकी वर्षं टाळलं.

पार्वताबाई मखमलाबादच्या बाजूच्या. घरची गुलाबाची आणि भाजीची शेती. वय साठीच्या आसपास, मधुमेह होता, पण कामाला वाघीण. मुलगा दत्तू फुलांच्या जुड्या घेऊन पहाटे मार्केटला जायचा, सून मंदा घर आणि शेत दोन्ही बघायची. लेक सुनीता लग्न होऊन शिकागोला गेलेली. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी आठवा महिना लागला, डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलं, आणि जावयाचा फोन आला की आईंना पाठवा.

दत्तू आईला घेऊन माझ्याकडे आला. तारीख ठरली, हिवाळ्यातला एक मंगळवार. बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "भाऊ, लेकीच्या गावाला पोचायला किती वाजत्याल?"

हा प्रश्न आला की मला चेव चढायचा. माझा ठरलेला खेळ होता तो. मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, "मावशी, मंगळवारी सकाळी सातला मुंबईहून उडायचं आणि मंगळवारीच संध्याकाळी सव्वासातला शिकागोत उतरायचं. मंगळवारचा मंगळवार. आहे का नाही गंमत?"

बाईंनी बोटांची पेरं मोजली आणि त्यांचा चेहरा खुलला. मला वाटलं, वेग ऐकून खूश झाल्या. त्या काय मोजत होत्या हे मी विचारलं नाही. सातपासून सव्वासात म्हणजे सव्वाबारा तास दिसतात, पण घड्याळ वाटेत साडेअकरा तास मागे जातं, म्हणजे प्रवास खरा पावणेचोवीस तासांचा, हे सांगायचंही माझ्या मनात आलं नाही. सांगितलं तर खेळाची मजा जाते ना.

त्या मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास दत्तू ऑफिसात आला. आदल्या रात्री अकराला आईला घेऊन निघाला होता, तिला विमानतळावर सोडून दुपारी परतला, झोप काढून, आंघोळ करून आला होता. हातात पेढ्यांचा पुडा. मी एक पेढा तोंडात टाकला आणि त्याच्यापुढे पुडा धरला. तो म्हणाला, मी काय उपास करत नाय, आई करते. आज अंगारकी ना.

मी कॅलेंडरकडे पाहिलं. मंगळवारच्या चौकटीत लाल गणपती छापलेला होता. इतके दिवस तो माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मी फक्त काळे ठिपके बघायचो.

मी विचारलं, आईंनी वाटेत काही खाल्लं का? दत्तू सहज म्हणाला की नाही, ती अंगारकी निर्जळी करते. आणि या वेळची तर सुनीतासाठी आहे. "तुम्हीच म्हणाला ना, दिवेलागणीला पोचती. नऊच्या पुढं चंद्र उगवंल, लेकीच्या घरी अर्घ्य देईल आन् सोडंल." मग जरा अभिमानानं म्हणाला, "साखरेची गोळी मात्र चुकवू दिली नाय. पहाटं माझ्यासमोर घोटभर पाण्यासंगं घ्यायला लावली."

माझ्या तोंडचा पेढा तसाच राहिला. माझे वडील मधुमेहाचेच होते. ती गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर काय होतं, ते मी घरात पाहिलं होतं. घाम, थरथर, मग बोलणं अडखळतं आणि मग माणूस शुद्धीवर राहत नाही.

तिकिटाच्या पाकिटामागे आकडे मांडले. दत्तूला विचारलं, बाई जेवल्या सोमवारी रात्री आठला. नाशिकला असत्या तर मंगळवारी नऊला चंद्र, म्हणजे पंचवीस तास. दर अंगारकीला त्या तेवढं काढतच होत्या. पण शिकागोत रात्रीचे नऊ वाजतील तेव्हा नाशिकला बुधवारची सकाळ साडेआठची असेल. साडेछत्तीस तास, पोटात गोळी, आणि पहाटेच्या त्या घोटानंतर पाण्याचा थेंब नाही. आणि त्यांनी हा हिशेब केला होता तो माझ्या तोंडच्या वेळेवर. दत्तूला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं पाकीट ओढून घेऊन आकडे पुन्हा मोजले.

बाईंचं पहिलं विमान लंडनला पावणेपाचलाच उतरलं होतं, आपल्या घड्याळानं. पुढचं रात्री दहाला. म्हणजे बाई आत्ता तिथं बसलेल्या होत्या. मुंबईच्या ऑफिसात ड्युटीवर असलेल्या बाईंना मी फोन लावला. त्यांनी काही न विचारता लंडनला टेलेक्सच्या यंत्रावर निरोप टाइप केला. व्हीलचेअरवाले प्रवासी एकाच खोलीत बसवतात, म्हणून सापडायला वेळ लागला नाही. सव्वासहाला निरोप आला. प्रवासी सापडली. ज्यूस दिला तर हात जोडते, पाणी दिलं तर हात जोडते. तळहाताला घाम आहे.

मुंबईच्या बाईंनी लंडनच्या काउंटरचा नंबर दिला. मी लावला. तिथल्या मुलीनं फोन बाईंच्या हातात दिला.

"भाऊ, हितं तर दुपार हाय," पार्वताबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "माझ्या घड्याळात सांज झाली आन् भाईर उजेड हाय. दिवस सरंनाच."

मनगटावरचं घड्याळ त्यांनी नाशिकच्याच वेळेवर ठेवलं होतं. मी म्हणालो, मावशी, चूक माझी आहे. मी तुम्हाला वेळ नीट सांगितली नाही. अजून फार तास आहेत, तुम्ही आत्ता काहीतरी घ्या. दत्तूनं फोन ओढून घेतला, आधी रागावला, मग विनवणी केली. शेवटी त्यानं रिसीव्हर परत माझ्याकडे दिला.

"देवापुढं हातावर पाणी घिऊन संकल्प सोडलाय मी," त्या मला म्हणाल्या. "दोन गेली तिची. ह्ये तिसरं. मी मोडला आन् तिकडं काय झालं, तर तोंड कुणाला दाखवू?"

 देवाधर्माचं मला काडीचं कळत नाही, पण आईचं कळतं.

सात वाजता तिथल्या नर्सनं तपासलं. साखर उतरलेली होती. काउंटरवरच्या मुलीनं मला फोनवर इंग्रजीत शांतपणे सांगितलं की बाई शुद्धीवर आहेत, नको म्हणतात, त्यामुळे जबरदस्ती करता येत नाही. पण अशा अवस्थेत विमानात घेणार नाही. व्हीलचेअर सगळ्यांच्या आधी चढवतात आणि प्रवासी राहिला तर त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढावी लागते, म्हणून निर्णय आपल्या घड्याळानं सव्वानऊला. त्यानंतर हॉस्पिटल. भाषा येत नाही, त्या देशाचा व्हिसा नाही, आणि शिकागोत लेक अंथरुणावर पडून घड्याळाकडे बघतेय.

दत्तूला मी जीप घेऊन मंदाला आणायला पिटाळलं, निदान सुनेचं तरी ऐकतील म्हणून. मी स्वतः स्कूटरवरून आमच्या कॉलनीतल्या जोशी गुरुजींकडे गेलो. नाशिकच्या चंद्रावर उपास सोडता येईल का, असं विचारलं. गुरुजींनी पंचांग उघडलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जिथं देह, तिथला चंद्रोदय." मी त्यांच्यावर भडकलो. आयुष्यात ब्राह्मणाच्या ओसरीवर एवढा आवाज चढवला नव्हता. म्हणालो, गुरुजी, देह राहिला तर चंद्रोदय ना. ते रागावले नाहीत. चप्पल घालून माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि ऑफिसात आले.

सव्वाआठला मंदा आली. काष्ट्याचं लुगडं, हाताला शेतातली माती तशीच, पण पूजेचं ताट झाकून आणलेलं. दत्तूनं घरीच तिला सगळं सांगितलं होतं. गुरुजींनी त्यांचं वचन पुन्हा ऐकवलं. मंदानं पदर सारखा केला आणि सावकाश विचारलं, "गुरुजी, आत्यांनी संकल्प कुठं सोडला? आमच्या देव्हाऱ्यापुढं. मग चंद्र लंडनचा कसा? चंद्र बी घरचाच पाह्यजेल."

गुरुजींनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मग म्हणाले की आजारी माणसासाठी घरच्यानं अर्घ्य द्यायची रीत आहे, शास्त्रात बसतं. फक्त एक अट. "चंद्र डोळ्यांनी पाहून. कॅलेंडरवरचा छापील चालायचा नाही."

पावणेनऊला पुन्हा लंडन लावलं. मी सगळं समजावलं. पार्वताबाईंनी मधे मधे हुं म्हटलं, ते इतकं हळू की मला ओरडावं लागत होतं. शेवटी म्हणाल्या, "मंदानं पाह्यला की सांगा. मंदा खोटं बोलायची नाय."

आमच्या इमारतीची गच्ची चौथ्या मजल्यावर. मंदा, दत्तू, गुरुजी वर गेले. मी खाली रिसीव्हर कानाला लावून बसलो. ठरलं असं की चंद्र दिसला, मंदानं अर्घ्य दिलं की दत्तू जिन्यातून ओरडत येईल. कॅलेंडरात चंद्रोदय नऊ वाजून दोन मिनिटांचा होता.

नऊ वाजून दोन मिनिटं झाली, काही नाही. पाच झाली, काही नाही. दत्तू जिन्यातून वाकून सांगून गेला की पूर्वेला नवी इमारत उठलीय, तिची पाण्याची टाकी नेमकी आड येतेय, मागे उजेड दिसतोय पण चंद्र नाही. गुरुजींनी सांगितलं होतं, उजेड म्हणजे चंद्र नव्हे. त्या टाकीला मी मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या, त्या इथे छापता येणार नाहीत. नऊ दहा. नऊ बारा. लंडनची मुलगी म्हणाली, सर, नर्स इथे उभी आहे, बॅगवाल्यांना निरोप द्यायचा आहे. मी म्हणालो, एक मिनिट. ती म्हणाली, तुम्ही मघाशीही एक मिनिट म्हणालात.

सव्वानऊ. जिन्यात काही हालचाल नाही. फोनमधून विमानाच्या घोषणा ऐकू येत होत्या. मी म्हणालो, त्यांच्या हातात फोन द्या.

"दिसला, मावशी," मी म्हणालो. "मंदानं अर्घ्य दिलं."

पलीकडे श्वास ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, "कुठून निघाला?"

"टाकीच्या वरून," मी म्हणालो, आणि माझा आवाज फाटला. मला रडू आवरेना. पन्नाशीला आलेला माणूस मी, टाइमटेबल पुढ्यात घेऊन रडत होतो.

फोन काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला. मग ती मुलगी म्हणाली, शी इज ड्रिंकिंग. ज्यूस, मग साखरेचं पाणी, मग बिस्किट. नर्स चढवण्याआधी पुन्हा तपासेल, पण आता विमानात घेतो, असं तिनं सांगितलं. मी फोन ठेवला तेव्हा घड्याळात नऊ वाजून एकोणीस मिनिटं झाली होती, आणि नेमका त्याच वेळी दत्तू चौथ्या मजल्यावरून ओरडत खाली आला. दिसला, दिसला.

चार मिनिटं. मी कुणाला काही सांगितलं नाही. गुरुजींनी मला तीर्थ दिलं, तेही मुकाट्यानं घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकागोहून जावयाचा फोन आला की आई सुखरूप पोहोचल्या.

पुढचे तीन आठवडे माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. मी नास्तिक म्हणवणारा माणूस, पण फोन वाजला की उचलण्याआधी कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बघायचो. त्या लेकीचं काही वाईट झालं असतं, तर डॉक्टर काहीही म्हणोत, मी ते त्या चार मिनिटांच्या नावावर मांडलं असतं. अखेर दत्तू पेढे घेऊन आला. मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. त्या दिवशी मी पेढा हातात धरूनच बसलो.

तेव्हापासून मी तो मंगळवारचा मंगळवार हा खेळ बंद केला. तिकिटाच्या पाकिटावर दोन ओळी लिहू लागलो. एक, घड्याळाचे तास. दुसरी, पोटाचे तास, म्हणजे घरचं शेवटचं जेवण ते पोहोचल्यावरचं पहिलं. आणि विचारायला लागलो, उपास कुठला, गोळ्या कुठल्या. मुंबईचे धंदेवाले हसायचे. पुढे कॉम्प्युटर आले, मग लोक घरबसल्या तिकिटं काढायला लागले आणि माझा गाळा बंद झाला. त्या पडद्यावर अंतर येतं, तास येतात, सगळं बरोबर असतं. पण दुसरी ओळ मला अजून कुठे दिसलेली नाही.

पार्वताबाई सहा महिन्यांनी परत आल्या, आणि दोन दिवसांत वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुलाबांची जुडी घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. नातीचा फोटो दाखवला. तिथं पोहोचल्यावर रात्री लेकीच्या खिडकीतून चंद्र दिसला, त्यालाही हात जोडले, असं सांगितलं. मला राहवेना. म्हणालो, मावशी, एक सांगायचंय. मी तेव्हा खोटं बोललो. चंद्र चार मिनिटांनी दिसला.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मंदानं पाह्यला असता तर दत्तू आधी वरडला असता. तुमच्या मागं चिडीचूप होतं."

मी म्हणालो, कळलं होतं तर मग प्यायलात का?

त्यांनी जुडीवरचा कागद काढला आणि एकेक फूल नीट करत म्हणाल्या, "तुम्ही रडत व्हता, भाऊ. लेकीचं चांगलं व्हावं म्हणून उपास धरलेला. परक्याच्या लेकराला रडवून त्यो कुठला पावायचा?"

 टेबलावरच्या ग्लासात त्यांनी फुलं ठेवली, खुर्चीवर नीट टेकून बसल्या. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला पुन्हा जायचं होतं. बोटांची पेरं मोजायला हात पुढे धरला आणि म्हणाल्या, "आता खरं सांगा. किती तास?"

"विमानाचे पावणेचोवीस, मावशी," मी म्हणालो. "तुमच्या दारापासून सुनीताच्या दारापर्यंत सव्वातेहतीस."

त्यांनी पेरं मोजली. एका हाताची पुरली नाहीत, म्हणून दुसरा हात पुढे केला. मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्यांच्यापुढे टेबलावर पसरलं.